ती रडत नाही हो!

चित्रातली बाई वाकडीतिकडी दिसली की ती दुःखी असलीच पाहिजे, असा नियमच आमच्या सुशिक्षित मंडळींनी करून ठेवला आहे. पिकासोने १९३७ साली रंगवलेली, खुर्चीत बसलेली डोरा मार घ्या. मूळ चित्र पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात. मी पाहिली ती छापील प्रत. समोरून दिसणारे तोंड आणि बाजूने दिसणारे तोंड एकाच चेहऱ्यात बसवलेले. झाले! 'भग्न मन', 'स्त्रीत्वाचा आक्रोश' अशी शब्दांची आतषबाजी सुरू.

मीही त्यातलाच. मॅट्रिक झालेला मास्तर. जड शब्द दिसला की उचलतो. प्रत वर्गात लावली आणि फळ्यावर लिहिले, 'वेदना'. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ती तर निवांत बसलीय. हात बघा की!" खरेच, हात चेहऱ्याशी अलगद टेकलेला, नखे लाल रंगवलेली, ओठांवर हसू येऊ घातलेले. मी फळा पुसला.

रडणारी डोराही आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गेर्निकावर बॉम्ब पडून तेव्हा सहा महिने झाले होते. तिथे दातांत रुमाल आहे, बोटे ताठरली आहेत. चेहऱ्याची मोडतोड दोन्हीकडे आहे. मग भाव निराळा कशाने झाला? हाताने, ओठांनी, बसण्याच्या ढंगाने. आणि डोळा जागचा हलला म्हणजे यातना, असे असेल तर पश्चिम भारतातल्या जुन्या जैन कल्पसूत्रांच्या पोथ्या काढा. तिथे पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर येतो. त्या राण्यांना कुणी दुखणाईत म्हटल्याचे मी ऐकलेले नाही!

यावर उत्तर ठरलेले: पुढे दोघांचे नाते तुटले, डोरा खचली. खरे आहे. पण म्हणून १९३७ च्या खुर्चीतही तिला रडवायचे? ती स्वतः कसलेली छायाचित्रकार. 'गेर्निका' रंगत असताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रे तिनेच काढली. तिची ओळख आपण फक्त अश्रूंपुरती ठेवली. घरातली बाई फराळाचे आटोपून घटकाभर गप्प बसली तरी "काय बिनसलं?" म्हणून विचारणारे आपण, चित्रातलीला काय सोडणार!

ज्यांना अजून आक्रोश ऐकू येतो त्यांनी माझ्याकडे यावे आणि तो कुठल्या रेषेत आहे ते प्रतीवर बोट ठेवून दाखवावे. चहा-चिवडा माझ्याकडून.