उसनी उपमा

2021 साली एक छायाचित्र खूप फिरलं. वहिदा रहमान, आशा पारेख आणि हेलन अंदमानात सुट्टीवर गेल्या होत्या. आशा पारेख 78 वर्षांच्या, वहिदा आणि हेलन ऐंशी ओलांडलेल्या. एका चित्रपट निर्मात्याने ते समाजमाध्यमावर टाकलं आणि सोबत लिहिलं की ज्येष्ठ अभिनेत्रींना घेऊन ‘दिल चाहता है’ पुन्हा काढला तर तो असा दिसेल. उपमा लोकांना आवडली. वर्तमानपत्रांनी ती उचलली. तिघींचं कौतुक झालं आणि ते मनापासून झालं.

कौतुकाला हरकत घेण्याचं कारण नाही. उपमेला आहे.

‘दिल चाहता है’ 2001चा. कॉलेज नुकतंच संपलेले तीन मुलगे, गोव्याची सहल, मग भांडण, मग समेट. तो पडद्यावर आला तेव्हा या तिघी साठीच्या आसपास होत्या. त्यांचं एकमेकींकडे जाणं-येणं त्याच्या कितीतरी आधीचं. तरीही ते लोकांना उमगावं म्हणून मधे तीन मुलग्यांचा सिनेमा धरावा लागला. इतक्या वर्षांच्या हिंदी सिनेमातून बायकांच्या मैत्रीचं एक उदाहरण चटकन ओठांवर आलं नाही, आणि ते आलं नाही याचं कुणाला काही वाटलंही नाही.

त्या उपमेने आणखी एक केलं. तिने आकडा तीनवर आणून ठेवला. पण हा गोतावळा तिघींचा नव्हता. त्यात नंदा होत्या. साधना होत्या. सगळी इंडस्ट्री ज्यांना ‘शम्मी आंटी’ म्हणायची त्या शम्मी होत्या. नंदा 2014 मध्ये गेल्या, साधना 2015 मध्ये, शम्मी 2018 मध्ये. अंदमानात पोचल्या त्या मागे राहिलेल्या तिघी. छायाचित्र पाहून ज्यांना भरून आलं, त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं की या चौकटीत कोण कोण नाही?

ठाऊक असणार तरी कसं? या बायकांना आपण पडद्यावर पाहिलं ते एकमेकींच्या वाटेत उभं केलेलं. ‘तीसरी मंझिल’ 1966चा. आशा पारेख नायिका, हेलन क्लबात नाचणारी रुबी. रुबीचाही नायकावर जीव आहे. म्हणून तिला त्याच्यासाठी गोळी झेलून मरावं लागतं. नायिकेची वाट मोकळी होते. ‘कारवाँ’ 1971चा. पुन्हा आशा पारेख नायिका आणि हेलन नाचणारी. एका सिनेमात दोन बायका म्हणजे एका पुरुषाच्या दोन बाजू, हे गणित इतकं पक्कं होतं की लेखकाला ते समजावून सांगावं लागत नसे. अपवाद सापडतो तो ‘गुमनाम’मध्ये. नंदा आणि हेलन दारूच्या नशेत मिळून गातात, नाचतात. पार्श्वगायन आशा भोसले आणि उषा मंगेशकर यांचं. तेवढी काही मिनिटं त्या दोघींना कुणाही पुरुषाची गरज पडत नाही. 1965चं ते गाणं आज पाहिलं तरी ताजं वाटतं, आणि त्याचं कारण नुसतं संगीत नव्हे. पुढे हेलनच्या पात्राचा खून होतोच.

सिनेमाच्या मासिकांनीही पडद्यावरचंच गणित बाहेर चालवलं. कोण पहिल्या क्रमांकावर, कुणी कुणाचा सिनेमा हिसकावला, पार्टीत कोण कुणाशी बोललं नाही. दोन नायिका बोलत नाहीत ही बातमी. दोन नायिका दर आठवड्याला एकत्र जेवतात, ही बातमी कुणी छापायची?

पुरुषांच्या मैत्रीचं मात्र आपण काय केलं ते पाहा. पुण्याच्या प्रभात स्टुडिओत धोब्याने दोन तरुणांच्या शर्टांची अदलाबदल केली. त्यातून देव आनंद आणि गुरुदत्त एकमेकांचे दोस्त झाले. देव निर्माता झाला तर दिग्दर्शन गुरुदत्तकडे आणि गुरुदत्त सिनेमा काढू लागला तर नायक देव, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला. 1951 मध्ये ‘बाजी’ आला, 1956 मध्ये ‘सीआयडी’. दोघांनी शब्द पाळला. ही हकिकत सिनेमावर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. असावीही. तो इतिहास आहे.

त्याच ‘सीआयडी’तून वहिदा रहमान हिंदीत आल्या. चार वर्षांनी, 1960 मध्ये, ‘काला बाजार’ आला. त्यात वहिदा नायिका आणि नंदा देव आनंदची बहीण. नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी, वडील गेल्यावर लहानपणीच घरासाठी कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली. दोघींची मैत्री जमली ती तिथे. ती नंदांच्या मृत्यूपर्यंत टिकली. वहिदांचं लग्न झालं, त्या बंगळूरला गेल्या, पती वारले, त्या मुंबईला परतल्या. मैत्री चालूच राहिली. पन्नास वर्षांहून जास्त. या मैत्रीची एखादी हकिकत कुणाला पाठ आहे? शर्टाएवढी लहानशी तरी?

यावर एक उत्तर तयार असतं. देव आणि गुरुदत्त यांच्या मैत्रीतून सिनेमे झाले, म्हणून ती इतिहासात गेली. बायकांच्या मैत्रीतून काय निघालं? उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. मित्राला सिनेमा देण्याची सत्ता ज्याच्या हातात होती, त्याची मैत्री कामाची ठरली. नायिकेच्या हातात ती सत्ता नव्हती. कंपनी दुसऱ्याची, गोष्ट दुसऱ्याची, मैत्रिणीची भूमिका मोठी करून घेण्याची सोय नाही. मग मैत्री राहिली ती दुपारच्या जेवणात, आजारपणात, फोनवर. तिची नोंद ठेवण्याचं कुणाला कारण वाटलं नाही.

नोंद ठेवली ती दुसऱ्याच गोष्टीची. वहिदा रहमान यांची मुलाखत घ्यायला बसलेला माणूस आजही वळून वळून गुरुदत्तकडे येतो. आशा पारेख यांना नासिर हुसेन विचारले जातात. हेलन यांना सलीम खान. नंदांच्या मृत्युलेखांत मनमोहन देसाईंशी झालेला साखरपुडा आणि देसाईंचा अकाली मृत्यू हटकून आला. चार बायका आणि चार पुरुष, आणि त्या पुरुषांभोवती रचलेली चार आयुष्यं. त्या चौघी एकमेकींच्या कोण होत्या, हे त्या आयुष्यांत परिशिष्टालाही नाही.

यात सर्वांत जास्त अन्याय झाला तो लग्न न केलेल्या दोघींवर. आशा पारेख आणि नंदा यांच्याविषयी लिहिताना कीव आपोआप येते. लग्न केलं नाही, म्हणून एकट्या. एकट्या, म्हणून दुःखी. पाच-सहा मैत्रिणी पन्नास वर्षं धरून ठेवणाऱ्या बाईला एकटी म्हणायचं असेल, तर मैत्रिणींना आपण माणसांत मोजत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. आशा पारेख सिने आर्टिस्ट्स असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या, सेन्सॉर बोर्डाच्याही अध्यक्ष होत्या. दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना 2020 सालचा मिळाला आणि लगेच पुढच्या सालचा वहिदा रहमान यांना. इतक्या भरलेल्या आयुष्याकडे पाहतानाही नजर जाते ती रिकाम्या समजल्या गेलेल्या एका खुर्चीकडे.

मग 2021 मध्ये अचानक एवढं प्रेम कुठून आलं? वयातून. या बायका आता कुणाच्या स्पर्धेत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही, त्यांच्यात क्रमांक लावत नाही. आपली त्यांच्याकडून असलेली मागणी संपली, आणि मागणी संपल्यावर त्या मैत्रिणी असू शकतात हे आपण मान्य केलं. तिशीत हेच छायाचित्र निघालं असतं, तर कोण कुणापेक्षा सुंदर दिसते याची चर्चा झाली असती आणि चौकटीत नसलेल्या नायिकेशी कुणाचं बिनसलं याचा शोध घेतला गेला असता.

ही जुन्या काळाची खोड म्हणून सोडून देता येत नाही. 2018 मध्ये ‘कॉफी विथ करण’च्या नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात दीपिका पदुकोण आणि आलिया भट एकत्र बसल्या. दोघीही यशाच्या शिखरावर. बोलण्याजोगं पुष्कळ होतं. पण ‘एकत्र बसल्या’ हीच बातमी ठरली, कारण एकीचा पूर्वीचा मित्र तो दुसरीचा तेव्हाचा. दोघींच्या समजूतदारपणाची वाहवा झाली. त्यांच्या मैत्रीला उंची मिळाली ती एका गैरहजर पुरुषाला ओलांडल्याबद्दल. दोन नायक एकाच अभिनेत्रीच्या आयुष्यात पुढे-मागे येऊन गेले असतील, तर त्यांना सोफ्यावर शेजारी बसल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही.

या तिघींसमोर पुढच्या वेळी जो कुणी ध्वनिमुद्रक घेऊन बसेल, त्याने गुरुदत्त, नासिर हुसेन आणि सलीम खान बाजूला ठेवावेत. विचारावं की ‘काला बाजार’च्या सेटवर पहिलं बोलणं कशावरून झालं. कुणी कुणाला एखादी भूमिका घेऊ नको म्हणून सांगितलं. पैशाची चणचण भासली तेव्हा कोण धावून आलं. भांडणं कशावरून झाली आणि ती मिटवली कुणी. साधना शेवटच्या वर्षांत काय बोलायच्या. नंदा गेल्या त्या दिवशी कुणी कुणाला कळवलं.