घर कोणाच्या नावावर?



गेल्या आषाढात माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने उंबरठा ओलांडायचा नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. चातुर्मासात प्रवास टाळण्याची सवय आपल्या घरांना आहेच. तरीही ३५ वर्षे बँकेच्या कामकाजात गेलेल्या माणसाला नुसते बसून राहणे फार जड जाते. पहिला पंधरवडा मी घराच्या डागडुजीत घालवला. पावसाने फुगलेले न्हाणीघराचे दार सुताराकडून रंधून घेतले. गच्चीची गळती काढणाऱ्या गवंड्याला खुर्चीत बसून नको तेवढ्या सूचना दिल्या. विजेच्या फलकावर कोणते बटण कोणत्या खोलीचे, याच्या चिठ्ठ्या डकवल्या. त्यानंतर मात्र सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितले की, स्वयंपाकघरातल्या डब्यांत काय आहे ते त्यांना चिठ्ठीवाचून कळते.

त्याच आठवड्यात विजेचे बिल आले. त्यावर आजोबांचे नाव होते. आजोबा १९७९ साली वारले; म्हणजे गेली ४६ वर्षे ते दरमहा न चुकता बिल भरीत आहेत! आम्ही हा विनोद घरात अनेकदा केला होता. या वेळी, हाताशी वेळ असल्याने, नाव बदलून घ्यावे असे मनात आले आणि माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली.

पेटीतले कागद दमट झालेले, काहींना कसर लागलेली. दोन दिवस पंख्याखाली पसरून ते सुकवले. डांबरगोळ्यांना घरातून विरोध झाला, म्हणून कडुलिंबाचा सुका पाला घातला. मग बँकेतल्या सवयीने एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक कागदाची नोंद करू लागलो: दस्ताचा प्रकार, तारीख, नोंदणी क्रमांक, मूळ प्रत की नक्कल, आणि सध्या ती कोणाच्या ताब्यात. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्यांचा मोठा गठ्ठा निघाला. अनेकजण याच पावत्या मालकीचा पुरावा मानून जपतात. कर्जाच्या अर्जाला त्या जोडून ‘साहेब, पन्नास वर्षांच्या आहेत’ असे अभिमानाने सांगणारे व्यापारी मी कितीतरी पाहिले. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, वीजबिलाने तर नाहीच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका यांवरील नोंदही मुख्यतः महसुली नोंद असते. मालकीचे मूळ खरेदीखतात, वाटणीपत्रात, मृत्युपत्रात किंवा वारसाहक्कात शोधावे लागते.

आमचे खरेदीखत १९४६ चे, आणि मोडी लिपीतले. ओळखीच्या एका मोडी वाचकांकडून लिप्यंतर करून घेतले. ते समोर ठेवून मूळ दस्ताशी अक्षर अक्षर जुळवण्यात माझे आठ दिवस आनंदात गेले. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, आणि पश्चिमेच्या हद्दीवर ‘सामाईक आड, निमे हक्कासह’. आमच्या घरात आड होता हे मला ठाऊकच नव्हते.

मग मुलाला मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढायला सांगितला. त्यावरही आजोबाच! वडील २००८ साली गेले, त्यांचे नाव तिथे कधी लागलेच नव्हते. दुसऱ्यांच्या मिळकतीचा ३० वर्षांचा शोध अहवाल मागणारा, एखादी वारस नोंद राहिली तर प्रकरण परत पाठवणारा अधिकारी स्वतः निवृत्त होईपर्यंत अशा घरात राहत होता. लाज वाटली, हे कबूल करतो.

त्यात मुलाची निकड. त्याला धान्याचे गोदाम वाढवायचे होते आणि घर तारण ठेवून कर्ज घ्यायचे होते. बँकेच्या वकिलांनी उतारा पाहून फाईल परत केली. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते.

आता हिशेब मांडायला बसलो. घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले. मृत्युपत्र नाही. आपल्यात अजूनही एक समज पक्का आहे की, मुलींना हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने, त्याआधीच्या गोष्टींना तो लागू नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील मुलीच्या जन्मसिद्ध हक्काची. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासूनच दिला आहे, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. राहत्या घराबाबत तेवढी एक अडचण होती: पुरुष वारसांनी वाटप मागितल्याशिवाय मुलीला ते मागता येत नसे. २००५ साली ते कलमही गेले.

त्याप्रमाणे आजोबांच्या पश्चात आजी, वडील आणि आत्याबाई यांचा प्रत्येकी तिसरा हिस्सा. आजीही मृत्युपत्राविना गेली, तिचा हिस्सा दोन्ही मुलांत अर्धा अर्धा. म्हणजे निम्मे घर आत्याबाईंचे. उरलेले निम्मे वडिलांचे, आणि आई-वडिलांच्या पश्चात ते माझे व माझ्या धाकट्या बहिणीचे. ज्या घराला मी आयुष्यभर ‘माझे घर’ म्हणत आलो, त्यात माझी मालकी रुपयात चार आणे! नाशिकला बहिणीला फोन केला तेव्हा ती इतकेच म्हणाली, “दादा, तू हे आज शोधलंस?”

पेटीच्या तळाशी एक पाकीट होते. त्यात १९८० सालचे आत्याबाईंच्या सहीचे हक्कसोडपत्र, मुद्रांकावर टंकलिखित. मुलाचा चेहरा उजळला. पण ते नोंदणीकृत नव्हते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्ताची नोंदणी करावी लागते, नाहीतर कायद्याने तो हक्क सुटत नाही. मुलगा म्हणाला, “पप्पा, मग नवीन करून घेऊ. आत्याआजी तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.” ते खरे होते, आणि मला नेमके तेच खटकत होते.

श्रावणात ८४ वर्षांच्या आत्याबाई नातवाला घेऊन पंढरपूरहून माझ्या गुडघ्याची विचारपूस करायला आल्या. जेवणे झाल्यावर मी त्यांना खरेदीखताचे लिप्यंतर वाचून दाखवले. आडाचा उल्लेख येताच त्या उठल्या आणि काठी टेकत थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या डाव्या अंगाची फरशी दाखवून म्हणाल्या, “इथं होता. मी सहा वर्षांची असताना माझी पितळी कळशी त्यात पडली. अण्णांनी मला मारलं नाही, नवीन आणली.” अण्णा म्हणजे आजोबा.

मग मी ते पाकीट काढले. त्यांनी चष्मा लावून सही पाहिली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. “सही माझीच आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी यावर काही लिहिलेलं नव्हतं रे. तुझे वडील राखी बांधून घ्यायला आले होते. निघताना म्हणाले, इथं सही कर, कचेरीत लागते. कागद कोरा होता.”

माझ्या वडिलांबद्दल गावात आजही आदराने बोलले जाते. त्यांनी कोणाचा पैसा बुडवला नाही. त्या काळी घराघरांतून हे असेच चालत असे, असे मी स्वतःला समजावून पाहिले. समाधान झाले नाही. कोऱ्या धनादेशावर सही घेऊन ठेवणाऱ्या सावकाराला आम्ही बँकेत जे म्हणत असू, ते शब्द मला आठवत होते.

मी आत्याबाईंना त्यांचा हिस्सा किती होतो ते सांगितले. हक्क सोडायचा, ठेवायचा की मोबदला घ्यायचा, हे तुम्ही मुलांशी बोलून, आपल्या वकिलाला विचारून ठरवा, म्हणालो. त्या म्हणाल्या, “आत्ता काही ठरवत नाही. आधी नाव लाव. पुढचं पुढे.”

मुलाला हे आवडले नाही. चार दिवस तो माझ्याशी कामापुरते बोलला. शेवटी त्याने गोदाम भाड्याने घेतले. वर्षाला भाड्याचे पैसे जातात, आणि ते माझ्या निर्णयामुळे जातात, हेही खरे.

भाद्रपदात काठीशिवाय चालू लागलो तेव्हा पहिली फेरी भूमी अभिलेख कार्यालयात केली. आजोबा, आजी आणि आई-वडील यांचे मृत्यूचे दाखले, सर्व वारसांच्या नावांचे प्रतिज्ञापत्र आणि वारस नोंदीचा अर्ज. आजोबांचा दाखला नगरपालिकेच्या १९७९ च्या नोंदवहीत मिळाला.

वहीची उरलेली पाने आता व्यापाराच्या मिळकतींसाठी वापरतो आहे: गाळा, शेत, बिगरशेती भूखंड, बँकेतील ठेवी. ठेवींना नामनिर्देशन आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक वारसच राहतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. तसेच ज्यांचे कर्ज फिटले आहे त्यांनी तारण ठेवलेले मूळ दस्त परत आले का ते पाहावे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ते देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. माझ्याच एका मित्राचे खरेदीखत कर्ज फिटल्यानंतर ११ वर्षे बँकेत पडून होते. त्याने मागितलेच नव्हते.

अर्ज दिल्यानंतर आठ दिवसांनी आत्याबाईंचा फोन आला. त्यांना एकच विचारायचे होते: उताऱ्यावर नाव कोणते लागणार, माहेरचे की सासरचे? कागदपत्रांप्रमाणे सासरचे लागेल, असे मी सांगितले. क्षणभर त्या गप्प राहिल्या. “दोन्ही लावता येतात का, विचार,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. माहेरचे नाव पुढे ‘ऊर्फ’ लिहून घालता येईल, त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र द्या, असे तिथल्या लिपिकाने सांगितले. ते आज पंढरपूरला सहीसाठी पाठवले आहे, पूर्ण टंकलिखित करून.