बी.ए. करून काय करणार?

मागच्या रविवारी पुतण्याकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन जरा टेकलो होतो, तेवढ्यात पुतण्या खुर्ची ओढून जवळ आला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही मास्तर. तुमचं ती ऐकेल. जरा समजवा तिला."

'ती' म्हणजे त्याची मुलगी, माझी नात. बारावी सायन्सला ८८ टक्के, सीईटीही बरी गेलेली. आणि आता बाईसाहेब म्हणतात, मला पुण्याला जाऊन इतिहासात बी.ए. करायचंय. घरात सुतक असल्यासारखी शांतता! सूनबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या. मुलीचे मामा मोठ्यांदा म्हणाले, "बी.ए. करून काय करणार? मास्तरीण होणार?" (हे माझ्यासमोर बरं का!)

मी तेव्हा गप्प बसलो. पूजेच्या दिवशी वाद नको म्हणून. पण घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून आज इथे लिहितोय. पुतण्या हे वाचतो, मामाही वाचतील. वाचू देत.

आधी हिशेब. मामांना हिशेबाचीच भाषा कळते. आमच्याच घरातलं उदाहरण घ्या. दुसऱ्या पुतण्याच्या मुलाने एका खाजगी कॉलेजातून इंजिनीअरिंग केलं. साडेसहा लाखांचं कर्ज काढलं. चार वर्षांची पाच झाली. नोकरी मिळेना, मग दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिल्या आणि आज तो बँकेत क्लार्क आहे. चांगला कामसू मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या परीक्षेला अट काय होती? कुठल्याही शाखेची पदवी! त्याच्या शेजारच्या खिडकीवर बसणारी मुलगी बी.ए. आहे. दोघांचा पगार एक. फरक एवढाच, की ह्याच्या पगारातून अजून हप्ता कापला जातो.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यातून हजारो मुलं पुढे गेली, हे मी नाकारत नाही. पण तेव्हापासून आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं. ज्याला जास्त पैसे पडतात ते शिक्षण मोलाचं, आणि ज्याला कमी पडतात ते उरलेल्यांसाठी. २०२४ साली सरकारने मुलींची फी माफ केली. स्तुत्य निर्णय. पण माफी कशाला? व्यावसायिक अभ्यासक्रमांना. बी.ए.ची फी मुळातच थोडी, हे खरं. पण पुण्यात राहून बी.ए. करणाऱ्या मुलीला फीने घाम फुटत नाही, खोलीभाडं आणि मेसने फुटतो. त्याचा विचार कोणी करायचा?

आता गंमत बघा. हरियाणात सोनीपतला २०१४ साली अशोका विद्यापीठ सुरू झालं. आपल्या पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम आहे. तिथे शिकवतात काय? इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य. नाव 'लिबरल आर्ट्स', आणि वर्षाची फी काही लाखांत! मोठ्या पगाराचे, स्वतः इंजिनीअर असलेले आईबाप तिथे मुलांना आनंदाने पाठवतात. तिथे कोणी मामा विचारत नाही, की इतिहास शिकून काय करणार? म्हणजे इतिहासाला किंमत नाही असं नाही. तालुक्याच्या पोराने तो शिकला की ती किंमत शून्य होते.

मग त्या लाखांत जास्तीचं काय मिळतं? वर्गात थोडी मुलं असतात, शिक्षक रोज हजर असतात, मुलांकडून पुस्तकं वाचून घेतात, निबंध लिहून घेऊन तपासून परत देतात. मंडळी, हे सगळं मला १९६७ ते १९७१ या काळात साताऱ्यात मिळालं होतं, तेही मराठीतून! छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना होती. सकाळी शेतात खुरपं धरायचं आणि मग हात धुऊन वर्गात बसायचं. आमच्या इतिहासाच्या सरांनी पानिपत शिकवताना नुसत्या नोट्स दिल्या नाहीत. भाऊसाहेबांची बखर काय सांगते आणि काशीराज काय सांगतो, ते शेजारी शेजारी ठेवायला लावलं. कोण कुठल्या बाजूला होता? कोणी स्वतः पाहिलं, कोणी ऐकून लिहिलं? ती सवय पन्नास वर्षं पुरली. आजही व्हॉट्सॅपवर काही आलं की मी आधी तेच विचारतो. (म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर मी फारसा लोकप्रिय नाही!)

ही सवय पोटाला काय देते? ऐका. आमच्याकडे डोंगरपठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा एका वाडीत कंपनीचा माणूस करारनामे घेऊन आला. लोक सही करायला निघाले होते. माझा एक जुना विद्यार्थी, अर्थशास्त्रात बी.ए., गावात शेतीच करतो. तो म्हणाला, आधी वाचू. रात्रभर बसून त्याने पानन् पान वाचलं. भाडं वर्षानुवर्षं तेवढंच राहणार, ही ओळ त्याने सापडवली, आणि वाढ लिहून घेतल्याशिवाय कोणालाही सही करू दिली नाही. त्याच्या पदवीचं मोल काढायचं तर त्या वाडीतल्या प्रत्येक घराचा फायदा धरावा लागेल. ते कुठल्याच पॅकेजच्या आकड्यात येत नाही.

पण मामांचं एक म्हणणं मला मान्य आहे. आज बऱ्याच ठिकाणी बी.ए. खरोखरच पोकळ झालंय. मुलं नाव घालतात आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड. कारण वर्गात जाऊन करायचं काय? कायमच्या जागा रिकाम्या, आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर. नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसं, पण तास झाला तर पैसे आणि मे महिन्यात चूल बंद! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मीही वाटले. पण मराठी शिकवणाऱ्याला बारा महिने पगार असावा, असं त्या पेढ्याबरोबर कोणी बोललं का? आधी उपाशी ठेवायचं आणि मग 'बघा, किती अशक्त आहे' म्हणायचं. बी.ए.चं आपण हेच केलं.

आणि 'आपण' मध्ये मी आहे. १९९४ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. असा निबंध लिहायचा की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो. वडिलांनी विचारलं, गुरुजी, कुठे घालू? मी म्हणालो, हुशार आहे, सायन्सला घाला. मराठीचा मास्तर, आणि मी हे म्हणालो! बारावीला तो दोनदा बसला आणि मग शिक्षणच सोडलं. आज त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. भेटला की आजही विचारतो, "सर, नवीन काय वाचलंत?" मला त्याच्याकडे नीट बघवत नाही.

म्हणून या वेळी मी कोणाला समजावणार नाही. पुतण्याला काल फोन करून सांगितलं, की पोरीच्या खोलीभाड्याचे पैसे माझ्या पेन्शनमधून येतील. तो 'बघू' म्हणाला. सूनबाई अजून बोलत नाहीत.

गुरुवारी नातीला घेऊन पुण्याला जातोय. फॉर्म भरायच्या आधी इतिहास विभागात जाऊन एकच प्रश्न विचारणार आहे, की इथे कायमचे शिक्षक किती? तुमच्या ओळखीतलं कोणी प्रवेश घेत असेल, तर तुम्हीही विचारा. आणि पुण्यातल्या मित्रमंडळींपैकी कोणाला मुलींसाठी बऱ्यापैकी मेस माहीत असेल, तर जरूर कळवा.