आधी विषाचे नाव, मग माणसाचे

कुटुंबाच्या जेवणानंतर एकाच घरातील माणसे पाठोपाठ आजारी पडली आणि त्यांतली काही दगावली, म्हणजे त्या घटनेविषयी समाजात जे कुतूहल जागे होते ते इतर गुन्ह्यांविषयीच्या कुतूहलाहून वेगळ्या जातीचे असते. चोर आणि दरोडेखोर घराबाहेरून येतात व दाराला कडी घातली की त्यांच्यापासून काहीसे संरक्षण मिळते. विषप्रयोगाचा संशय मात्र स्वयंपाकघरातच उभा राहतो आणि तेथे कोणतीही कडी उपयोगाची नसते. पुढ्यात आलेले ताट कोणी तपासून घेत नाही, पाण्याचा तांब्या कोणी शंकेने उचलत नाही, आणि खाल्ल्या मिठाला जागण्याची अपेक्षा ज्या समाजाच्या नीतिकल्पनेत इतकी खोल रुजलेली आहे त्याला हा विश्वास मोडल्याची नुसती शंकाही अस्वस्थ करून सोडते. त्यामुळे अशा घटनेची बातमी लोक पुन्हापुन्हा वाचतात, चौकात आणि बसथांब्यावर तिची उजळणी करतात, यात तुच्छ मानण्यासारखे काही नाही. विचार करायचा तो या कुतूहलाला पडणाऱ्या पहिल्या प्रश्नाचा. तपासाला आधी पदार्थ कोणता होता हे शोधावे लागते, मग तो शरीरात कसा व केव्हा गेला हे ठरवावे लागते, आणि त्यानंतरच तो कोणी दिला या प्रश्नाला अर्थ येतो. लोकचर्चा मात्र ‘कोणी दिला’ येथूनच सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. या उलट्या क्रमाची किंमत गोंदियासारख्या जिल्ह्यात फार मोठी असू शकते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यातील महागाव येथे 2023 साली घडलेले प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. 20 सप्टेंबरला एका घरातील पती-पत्नी आजारी पडली, अहेरी, चंद्रपूर आणि नागपूर असा उपचारांचा प्रवास झाला, आणि 26 व 27 सप्टेंबरला त्या दोघांचा मृत्यू झाला. त्यापाठोपाठ त्यांची मुलगी, मुलगा आणि पत्नीची बहीण अशी आणखी तीन माणसे 15 ऑक्टोबरपर्यंत गेली. हातापायांना मुंग्या येणे, कमरेत व डोक्यात तीव्र वेदना, ओठ काळे पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे सर्वांत सारखी होती. 18 ऑक्टोबरला पोलिसांनी नात्यातील दोन स्त्रियांना अटक केली आणि अन्नपाण्यातून थॅलियम हा जड धातू दिल्याचा आरोप ठेवला. त्या दिवसापासून राज्यभर चर्चा चालली ती जवळजवळ पूर्णपणे या दोघींची, त्यांच्या शिक्षणाची, रागलोभाची, घरातील टोमण्यांची आणि जमिनीच्या वादाची. आरोप हा न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो, ही गोष्ट या चर्चेत क्वचितच कोणाला आठवली. आणि त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न तर जवळपास कोणी विचारलाच नाही. पहिल्या दोन मृत्यूंनंतर उरलेल्या तिघांच्या शरीरात काय आहे हे वेळेत कळले असते तर त्यांतले कोणी वाचले असते का, हा तो प्रश्न.

थॅलियमचे स्वरूप पाहिले की हा प्रश्न किती रास्त आहे हे कळते. विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1861 मध्ये शोधलेल्या या धातूचे क्षार पाण्यात विरघळतात आणि त्यांना रंग, वास किंवा चव नसते, म्हणून अन्नात मिसळले तरी ते ओळखू येत नाहीत. एके काळी उंदीर मारण्याच्या औषधात त्यांचा सर्रास वापर होत असे. शरीर थॅलियमला पोटॅशियम समजून स्वीकारते आणि पोटॅशियम जेथे काम करते त्या मज्जातंतूंत व स्नायूंत ते जाऊन बसते. तळपाय जळजळणे, बधिरपणा, आणि दोन-तीन आठवड्यांनी केस झपाट्याने गळणे ही त्याची ठळक खूण. लक्षणे सावकाश येत असल्याने सुरुवातीला ती पोटाच्या विकारासारखी किंवा मज्जातंतूंच्या एखाद्या आजारासारखी दिसतात. या विषावर उपाय आहे: प्रशियन ब्लू नावाचे, मुळात निळा रंग म्हणून तयार झालेले संयुग तोंडावाटे दिले असता ते आतड्यात थॅलियमला धरून ठेवते आणि शरीराबाहेर काढते. मात्र हे औषध द्यायचे तर आधी कोणाच्या तरी मनात थॅलियमची शंका यावी लागते, कारण जड धातूंचा शोध घेणारी तपासणी कोणी मुद्दाम मागितल्याशिवाय एरवी होत नाही.

ही शंका कोठून येऊ शकते याचे एक विलक्षण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. 1977 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेली एक तान्ही मुलगी निदानाअभावी मृत्यूच्या दारात होती. तेथील एक परिचारिका त्या वेळी अगाथा ख्रिस्ती यांची 1961 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी वाचत होती, तिच्यात वर्णिलेली थॅलियमची लक्षणे त्या मुलीत दिसत असल्याचे तिने डॉक्टरांना सांगितले, तपासणीत ते खरे निघाले आणि मूल वाचले. ख्रिस्ती यांनी औषधालयात काम केलेले असल्यामुळे विषांची त्यांची माहिती पक्की होती. विषाच्या कथांचे आकर्षण म्हणजे केवळ विकृती, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात घ्यावी. त्या परिचारिकेने ‘काय’ हा प्रश्न विचारला, आणि म्हणून तिचे कुतूहल जीवदायी ठरले.

उलट क्रमाने धावणारे कुतूहल कोठे नेते हे सांगली जिल्ह्यातील म्हैसाळने दाखवले. 20 जून 2022 रोजी तेथे दोन भावांच्या कुटुंबांतील नऊ जण दोन घरांत मृतावस्थेत सापडले, चिठ्ठ्या मिळाल्या, आणि खासगी सावकारीला कंटाळून सामूहिक आत्महत्या केल्याचे जवळपास सर्वांनी त्याच दिवशी मान्य केले. चिठ्ठ्यांत ज्यांची नावे होती त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले, धरपकड झाली. आठवडाभरात पोलिसांचे म्हणणे पार बदलले: गुप्तधन काढून देण्याच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या मांत्रिकाने व त्याच्या साथीदाराने चहातून विष देऊन हे नऊ खून केले, असा आरोप पुढे आला. पहिले कथानक खोटे ठरले तरी त्यावर विश्वास ठेवणारे मात्र खोटारडे नव्हते. हाती आलेल्या पहिल्या कारणावर त्यांनी निवाडा केला होता, एवढेच.

न्यायालये या घाईपासून कशी दूर राहतात हे समजण्यासाठी पुण्यातील दोन खटले शेजारीशेजारी ठेवावे लागतात. डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यावर एका विधवा रुग्ण स्त्रीला नोव्हेंबर 1956 मध्ये पुण्याहून मुंबईला नेताना विष दिल्याचा आरोप होता. शवचिकित्सेत कोणतेही विष सापडले नाही, तरीही मृत्यूनंतरची त्यांची वागणूक, ती बाई जिवंत असल्याचे भासवणारी पत्रे आणि तिच्या मालमत्तेची विल्हेवाट ही साखळी पाहून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. याच्या अगदी उलट, शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पत्नीच्या शरीरात सायनाइड सापडले होते, खालच्या दोन न्यायालयांनी पतीला दोषी ठरवले होते, आणि तरीही 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण तो मृत्यू आत्महत्येचा असण्याची शक्यता पुराव्याने दूर झालेली नव्हती. याच निकालाने परिस्थितिजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना आजूबाजूच्या बाबींतून जोडल्या जाणाऱ्या पुराव्याची, पाच तत्त्वे सांगितली, ज्यांना वकीलवर्गात ‘पंचशील’ म्हणतात. आणि विषप्रयोगाच्या आरोपात स्पष्ट हेतू, त्याच विषाने झालेला मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष असणे आणि ते देण्याची संधी अशा चार बाबी न्यायालयाने तपासाव्यात असे नमूद केले. एका खटल्यात विष सापडले नाही आणि शिक्षा झाली, दुसऱ्यात सापडले आणि सुटका झाली. चौकातल्या चर्चेला या दोन्ही निकालांपैकी एकही सुचला नसता. तेथे चारांपैकी दोन बाबी, हेतू आणि संधी, पुरेशा मानल्या जातात. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला संधी तर दिवसातून दोनदा असतेच, म्हणून संशयाचे बोट सुनेकडे, भावजयीकडे, सवतीकडे इतक्या सहज वळते.

हेतूच्या चर्चेबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील महड येथे जून 2018 मध्ये वास्तुशांतीच्या जेवणातून शंभराहून अधिक लोकांना विषबाधा झाली, चार मुलांसह पाच जण दगावले, आणि अटक झालेल्या नात्यातील स्त्रीला रंगावरून व स्वयंपाकावरून सतत हिणवले जात होते असे पोलिसांनी सांगितले. लहान मुलांचा जीव घेणाऱ्या कृत्याला असे कोणतेही कारण क्षम्य करीत नाही. परंतु ज्या टोमण्यांची चर्चा अटकेनंतर महिनाभर रंगते, तेच टोमणे हजारो घरांत रोज ऐकू येत असताना कोणाचे कुतूहल का जागे होत नाही, हे समाजाने स्वतःला विचारावे.

देशोदेशी चित्र फारसे वेगळे नाही. ऑस्ट्रेलियातील लिऑनगाथा येथे 29 जुलै 2023 रोजी घरच्या जेवणात ‘डेथ कॅप’ जातीची विषारी आळिंबी वाढली गेली, तिघांचा मृत्यू झाला, चौथे पाहुणे मरणाच्या दारातून परतले. यजमान एरिन पॅटरसन हिला जुलै 2025 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले आणि सप्टेंबरमध्ये तिला जन्मठेप झाली. खटला चालू असताना त्यावर रोजच्या रोज ध्वनिमालिका निघत होत्या आणि ताटांचे रंग कोणते होते यावर जगभर वाद झडत होते. या आळिंबीचे विष सहा ते चोवीस तास काही कळू देत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, नंतर बरे वाटल्याचा भास होतो आणि त्या काळात यकृत निकामी होत जाते, ही लोकांचा जीव वाचवू शकणारी माहिती त्या गदारोळात मागे पडली.

गोंदियाच्या वाचकाला हीच माहिती जास्त कामाची आहे. पावसाळ्यात रानातून आणलेल्या सात्या, म्हणजे वारुळाजवळ उगवणारी खाण्याजोगी आळिंबी, या भागात आवडीने खाल्ल्या जातात आणि खाण्याजोगी व विषारी जात ओळखण्याचे जुने ज्ञान नव्या पिढीकडे पूर्वीइतके राहिलेले नाही. धानाच्या रोवणीनंतर खोडकिडा व तुडतुड्यासाठी फवारणी होते, आणि कीटकनाशकाची अर्धी उरलेली बाटली अनेक घरांत धान्याच्या कोठीशेजारी किंवा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात असते. रिकाम्या डब्यात तेल वा पाणी भरणारीही घरे आहेत. बिहारमधील धर्मासती गंडामन या गावी जुलै 2013 मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनातून 23 मुले गेली, ती तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेल्याने. तेरवीच्या, लग्नाच्या किंवा मंडईच्या पंगतीनंतर पन्नास माणसे उलट्या करू लागली, तर त्यामागे उन्हात आंबलेले अन्न असू शकते, दूषित विहीर असू शकते, कीटकनाशकाचा डबा असू शकतो, आणि अगदी शेवटी माणूस असू शकतो.

त्यातच या पट्ट्यात अकारण वाटणाऱ्या मृत्यूचे खापर करणीवर फोडण्याची वृत्ती अजून जिवंत आहे. 1 मे 2024 रोजी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा राज्यात 2013 पासून आहे. पण मृत्यूचे खरे कारण लवकर आणि समजेल अशा भाषेत कळले नाही, तर ती रिकामी जागा कायदा भरून काढू शकत नाही, ती भगत भरतो.

म्हणून सरकारकडे मागायच्या गोष्टी ठरावीक आहेत. संशयास्पद मृत्यूची नोंद, ज्याला पोलीस ‘मर्ग’ म्हणतात, झाल्यावर जठर, आतडे, यकृत व मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. हाच तो व्हिसेरा. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ या वाक्यावर बातमी संपते आणि अहवाल येईपर्यंत गावाचा निवाडा होऊन गेलेला असतो. एकाच घरातील दुसरी व्यक्ती सारख्याच लक्षणांनी दाखल होताच जड धातूंसह सर्व विषांची तपासणी आपोआप मागवली जावी, असा लेखी दंडक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला घालून द्यावा. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिवंत रुग्णाच्या रक्ता-लघवीतील विष ओळखण्याची सोय तेथे असावी, आणि कीटकनाशकाच्या विषबाधेवरील अ‍ॅट्रोपिनसारखी औषधे देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयांत कायम शिल्लक असावीत. कीटकनाशक विकणाऱ्या कृषी केंद्रांनी कुलपाची पेटी दाखवल्याशिवाय माल देऊ नये इतका कडक नियम आज शक्य नसेल, पण रिकामे डबे परत घेण्याची व्यवस्था पुढच्या रोवणीआधी ग्रामपंचायतींच्या मदतीने उभी करणे अवघड नाही.

वृत्तपत्रांवरचे बंधनही तेवढेच स्पष्ट असले पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ‘विषप्रयोग’ ऐवजी ‘विषबाधेचा संशय’ लिहावे, घरातल्या बाईचे छायाचित्र अटकेच्या दिवशी छापू नये, आणि अहवाल आल्यावर, तो संशयिताला निरपराध ठरवणारा असला तरी, संशयाच्या बातमीला जेथे जागा दिली होती त्याच पानावर आणि तेवढ्याच आकारात तो प्रसिद्ध करावा.