झुंजारचे वाचक

दिवाळीच्या झाडलोटीत घरच्या मंडळींना हरवलेले चमचे सापडतात. आम्हा मास्तरांना आपल्या जुन्या चुका सापडतात. यंदा माळ्यावरच्या ट्रंकेतून एक शंभर पानी वही निघाली. वर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘बाबूराव अर्नाळकर – वाचकांची मते.’

वही माझी नव्हे. बारा वर्षांपूर्वी एम.ए.ची एक विद्यार्थिनी ती घेऊन माझ्यापुढे उभी राहिली होती. अर्नाळकरांच्या वाचकांवर तिला प्रबंधिका लिहायची होती. मी वही न उघडताच म्हणालो, “बाई, हे साहित्य नव्हे. ही सवय आहे, विडीसारखी. नागपुरात राहून ग्रेस सोडून अर्नाळकर कसले घेतेस?” तिने निमूटपणे ग्रेस घेतले, पहिल्या वर्गात पास झाली, आणि वही माझ्याच टेबलावर राहिली.

ज्या तरुण वाचकांना अर्नाळकर ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जन्म 1906 चा, मृत्यू 1996 चा. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात चष्म्याचे दुकान चालवता चालवता या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि त्याची विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत पाहुण्यांसारखी येत आणि मुक्काम ठोकत.

तर यंदा मी फडके बाजूला ठेवले आणि माळ्याखाली स्टुलावर बसूनच वही वाचून काढली.

पहिले मत महालातल्या एका निवृत्त कारकुनांचे. त्यांची तक्रार अशी की सारा माल इंग्रजीतून उचललेला : काळा पहाड हा ब्रूस ग्रेमचा ब्लॅकशर्ट, झुंजार म्हणजे बर्कले ग्रेचा नॉर्मन कॉन्क्वेस्ट, आणि धनंजय-छोटू तर उघड उघड होम्स-वॉटसन. गृहस्थांचे म्हणणे खोटे नाही. खाली मुलीने नोंद केली आहे : ‘किती पुस्तके वाचलीत असे विचारले. म्हणाले, चारेकशे असतील.’

इतवारीतल्या एका धान्याच्या दलालाला मात्र उचलेगिरीची फिकीर नव्हती. “खुनी कोन ते कोनाले पायजे जी? झुंजार सुटते कसा, ते पाहाचं असते!” एका शाळामास्तरांचा राग निराळाच. “मी म्हातारा झालो आणि झुंजार जसाच्या तसा. हा काय न्याय झाला?” पण त्यांनीही वाचणे सोडले नव्हते.

शेवटचे मत अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या एका आजीबाईंचे. शाळा तिसरीत सुटलेली. यजमानांची रात्रपाळी, घरात तीन पोरे. शेजारीण वाचनालयातून चार आण्यांना पुस्तक आणी, ते दोघी वाटून वाचत. “जोडाक्षर आलं की बोट अडायचं. पण पुढं काय झालं ते कळल्याशिवाय झोप कुठली? पुस्तकातली भीती वाटू लागली की एकटीची भीती वाटेनाशी व्हायची. मग मुलगा नोकरीला परगावी गेला, तेव्हा त्याची पत्रं मी माझी मीच वाचली.”

इथे मी चष्मा काढून पुसला.

आपल्याकडे ‘पिवळे पुस्तक’ म्हटले की ऐकणारा कानकोंडा होतो. इटलीत मात्र रहस्यकथेला सरळ ‘जाल्लो’, म्हणजे पिवळी, असेच म्हणतात. कारण मोन्दादोरी या प्रकाशकाने 1929 पासून तिला पिवळी वेष्टणे घातली. तिकडच्या आंद्रेआ कामिल्लेरीने 1994 पासून इन्स्पेक्टर माँताल्बानोच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्याही सिसिलीच्या बोलीची सढळ फोडणी देऊन. मालिकेचा शेवट त्याने आधीच लिहून प्रकाशकाकडे ठेवला होता. 2019 मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी ते पुस्तक निघाले. आणि मौज अशी की त्याच मोन्दादोरीने 2002 मध्ये माँताल्बानोच्या कथा आपल्या अभिजात ग्रंथमालेत मानाने बसवल्या. अर्नाळकर त्या तोलाचे लेखक होते असा माझा दावा नाही. त्यांची भाषा घाईची, प्रसंग ठरीव. पण आम्ही प्राध्यापकांनी पुस्तके तोलली आणि वाचक मोजायचे राहून गेले. ज्या बाईला आमचे एकही अभिजात पुस्तक वाचायला शिकवू शकले नसते, तिला झुंजारने जोडाक्षरे शिकवली. हे साहित्याचे काम नव्हे, तर मग कुणाचे?

संध्याकाळी विद्यार्थिनीचा नंबर मिळवून फोन केला. आता ती भंडारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वहीबद्दल सांगितले, आजीबाईंचे मत विशेष आवडले असेही म्हणालो.

ती क्षणभर थांबली. “सर, ती माझीच आजी. मागल्या वर्षी गेली.”

मला विडीची उपमा आठवली. क्षमा मागायला शब्द जुळेनात. मराठीचा प्राध्यापक असूनही जुळेनात. शेवटी तीच म्हणाली, “तिची पुस्तकं अजून पेटीत आहेत. वाळवी लागायच्या आत कुणी तरी पाहायला हवीत.”

भाऊबीज झाली की भंडाऱ्याला जायचे ठरवले आहे. वही सोबत नेणार आहे. विषय अजून मोकळा आहे, आणि यावेळी मी ‘नाही’ म्हणणार नाही.