ड्रोन विकण्यासाठी नको, शिकण्यासाठी जोडा



"सर, ड्रोनच्या धंद्यात पैसा आहे का?" हा प्रश्न हल्ली सारखा येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोनच वाटा असतात. एक, कर्ज काढून उसावर फवारणी करणारा मोठा ड्रोन घ्यायचा. दोन, घरीच ड्रोन तयार करून विकायचा. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा सध्या बाजूला ठेवा. आधी एक छोटा, चार पंख्यांचा ड्रोन स्वतःच्या हातानं घरी जोडा. आणि तो विकू नका.

"मग फायदा काय?" तेच सांगतो.

सामान थोडं, शिकणं जास्त

लागतं काय? एक फ्रेम, चार ब्रशलेस मोटर, मोटरचा वेग सांभाळणारे ईएससी, ड्रोनचा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, पंखे, लिपो बॅटरी, हातातला रिमोट आणि त्याचा रिसीव्हर. शिवाय सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि लिपोचा चांगला चार्जर. सगळं मिळून पंधरा-वीस हजारांचं बजेट धरा. यातला रिमोट, चार्जर आणि हत्यारं पुढच्या कामालाही चालतात.

ऑर्डर टाकायच्या आधी वही घ्या. बॅटरीसकट वजन २५० ग्रॅमच्या आत ठेवायचं. चार मोटरची मिळून उचल वजनाच्या किमान दुप्पट हवी. म्हणजे ड्रोन २४० ग्रॅमचा असेल तर उचल ४८० ग्रॅम, प्रत्येक मोटरला १२० ग्रॅम. आता हौस म्हणून ३० ग्रॅमचा कॅमेरा वाढवा. वजन २७० झालं, मोटर कमी पडली. मोठी मोटर घेतली तर ती करंट जास्त ओढते, मग बॅटरी मोठी लागते, म्हणजे परत वजन वाढलं! धंद्यातला खर्चही असाच वाढतो. दुकान मोठं घेतलं की माणूस लागतो, माणूस आला की पगार आला. हे मी व्हिडिओत दहा वेळा सांगून कळत नाही, पण वजनकाट्यावर एकदाच कळतं.

जोडताना तीन गोष्टी पाळा. टेबलावर मोटर तपासताना पंखे काढून ठेवायचे, यात सूट नाही. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मधे सिरीजमध्ये एक बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि सर्किट जळायचं वाचेल. आणि लिपोचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर कधीही चार्ज करायचा नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन मोटर एका दिशेनं फिरतात आणि शेजारच्या उलट दिशेनं. एक जरी चुकली तरी ड्रोन उडायच्या ऐवजी जागेवरच पालथा पडतो. तसं झालं की सगळं उसकटू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. दोष शोधायची ही सवयच पुढे तुम्हाला पैसे देणार आहे.

विकायचा का नाही?

कारण कायदा आणि भांडवल. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात येतो. तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही आणि त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटही लागत नाही. फवारणीचा ड्रोन २ ते २५ किलोच्या 'स्मॉल' वर्गात जातो. तिथे मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र, तिन्ही लागतं. घरच्या टेबलावर जोडलेला फवारणी ड्रोन शेतकऱ्याला विकणं म्हणजे त्यालाही अडचणीत टाकणं.

कुणी म्हणेल, मुंबईच्या आयडियाफोर्जनं विकलेच की! बरोबर. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ साली ती कंपनी काढली, 'थ्री इडियट्स'मध्ये दिसलेला ड्रोन त्यांचाच. पण ती शेअर बाजारात आली २०२३ साली. सोळा वर्षं आणि गुंतवणूकदारांचा पैसा. तुमच्याकडे तेवढा दम आणि भांडवल असेल तर जरूर करा. घरचं सोनं गहाण ठेवून मात्र नको.

कोल्हापूरनं आधीच दाखवलेली वाट

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला. त्यांनी कॅमेऱ्याचं दुकान काढलं नाही. तो कॅमेरा वापरून महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र आतून माहीत असलेल्या माणसानं त्या यंत्राचं काम विकलं.

दुसरं उदाहरण उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावचं. आपल्या फौंड्र्यांनी मोटारगाड्या विकल्या नाहीत, गाड्यांना लागणारं कास्टिंग विकलं. त्यावर हजारो घरं चालली. ड्रोनमध्ये हेच का होऊ नये?

केंद्र सरकारनं ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी तेवढी सूट आहे. सुटे भाग आणायला मात्र मोकळीक ठेवली. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठरली आहे. म्हणजे ड्रोन गावात येणार. आणि जे उडतं ते पडतं.

ऐन हंगामात फवारणीचा ड्रोन दोन दिवस बंद पडला तर त्या ताईंचं नुकसान किती? लग्नाच्या आदल्या दिवशी फोटोग्राफरच्या ड्रोनचा पंखा मोडला तर तो दराची घासाघीस करेल का? त्याला वेळेत काम पाहिजे. बॅटरी तपासणं, कनेक्टर बदलणं, पंखे आणि सुटे भाग तयार ठेवणं, वाहतुकीची पेटी, लँडिंगचे पाय, ब्रॅकेट बनवून देणं, ही कामं छोट्या गाळ्यात होतात. मात्र टाइप सर्टिफिकेट असलेल्या ड्रोनच्या आत परस्पर हात घालू नका. कंपनीशी बोला, अधिकृत सर्व्हिसचं काम मागा. आणि मागायला जाताना तुमचा घरी जोडलेला ड्रोन सोबत न्या. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सपेक्षा तो जास्त बोलेल.

उडवायचा कुठे?

हे कोल्हापूरकरांनी नीट वाचा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन नसतो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये फक्त २०० फुटांपर्यंतच मोकळीक, त्यापलीकडे ४०० फूट. आपला विमानतळ उजळाईवाडीत, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या शेजारीच. तुमचा गाळा तिथं असेल तर ड्रोन जोडा तिथं, पण बाहेर उडवू नका. पन्हाळ्याकडचं एखादं मोकळं रान गाठा, मालकाला विचारा आणि निघण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडून त्या दिवशीचा झोन बघा. नियमही बदलत असतात, तेही तिथेच तपासा. अंबाबाईच्या देवळाभोवती किंवा जोतिबाच्या यात्रेत गर्दीवर उडवायचा विचारही नको. एका माणसाला पंखा लागला तर तुमचं नाव गेलं, आणि या धंद्यात नाव हेच भांडवल.

तर मित्रांनो, लाखांच्या कर्जावर सही करण्याआधी वीस हजारांत स्वतःला तपासून घ्या. ड्रोन जोडताना कंटाळा आला, सोल्डरिंग नकोसं वाटलं, दोष शोधताना डोकं फिरलं, तर हा धंदा आपला नाही एवढं स्वस्तात कळेल. रात्रीचे बारा वाजले तरी टेबलावरून उठावंसं वाटलं नाही, तर पुढचं पाऊल टाका.

या आठवड्याचं काम एकच. वहीचं एक पान घ्या, सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहा: किंमत आणि वजन. दोन्ही बेरजा जमल्या की मगच ऑर्डर टाका.

चला, कामाला लागा!