विश्लेषण : वजन घटवणाऱ्या ‘बँड’नंतरची उलटी म्हणजे साधे पित्त नव्हे!

वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बँड बसवलेल्या रुग्णाला काही वर्षांनी उलट्या, जळजळ किंवा घास अडकण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. घरात त्याला ‘पित्त’ म्हटले जाते आणि मेडिकलमधून गोळी येते. शस्त्रक्रिया मुंबईतील मोठ्या रुग्णालयात झालेली असते, त्रास मात्र नवी मुंबईत सारसोळे किंवा नेरूळच्या घरी, मध्यरात्री होतो. तिथल्या डॉक्टरला रुग्णाच्या पोटात बँड आहे हे कळणे, हाच अशा वेळी कळीचा मुद्दा ठरतो.

बँड नेमका काय करतो?

सिलिकॉनचा हा पट्टा दुर्बिणीद्वारे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात. त्यामुळे वर एक छोटी पिशवी तयार होते आणि थोड्या अन्नाने पोट भरल्यासारखे वाटते. पट्ट्याची नळी पोटाच्या त्वचेखालील ‘पोर्ट’ला जोडलेली असते. पोर्टमधून सुईने सलाईनचे पाणी भरले की पट्टा आवळतो, काढले की सैल होतो. जठर कापले जात नाही आणि बँड काढता येतो, हे त्याचे आकर्षण होते.

मग वापर कमी का झाला?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये बँडला मान्यता दिली. न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी 2013 मध्ये तो बसवून घेतला. मात्र तुलनेने कमी घटणारे वजन आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया यांमुळे डॉक्टर जठराचा भाग काढणाऱ्या ‘स्लीव्ह’कडे आणि ‘बायपास’कडे वळले. मुंबईत 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर सैफी रुग्णालयात झालेली, जगभर गाजलेली शस्त्रक्रियाही ‘स्लीव्ह’च होती. नवे बँड कमी झाले, पण पूर्वी बसवलेले अनेकांच्या पोटात आहेत.

उलटी कशामुळे होते?

पहिले कारण खाण्याच्या सवयीत असते. भराभर खाणे, मोठा घास, जेवताना पाणी पिणे यांमुळे पिशवी तुडुंब भरते. चिकट भात, मऊ पाव, कोरडी चपाती आणि चिवट मांस अडकते. सारसोळेसारख्या कोळीवाड्यात रोजच्या ताटात भात, तांदळाची भाकरी आणि मासळी असते. तिथे ‘पाव बंद करा’ एवढा सल्ला पुरत नाही. मऊ शिजवलेली मासळी बहुधा सहज उतरते, पण कोलंबी वा सुकी मासळी नीट चावली नाही तर अडकू शकते. दुसरे कारण, पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळलेला असणे. तो सैल केला की आराम पडतो.

बँड सरकणे, रुतणे म्हणजे काय?

जठराचा खालचा भाग पट्ट्यातून वर सरकला की वाट बंद होते. पाणीही टिकत नाही, पोटात तीव्र दुखते. जठराचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असल्याने ही तातडीची स्थिती असते. पट्टा जठराची भिंत पोखरून हळूहळू आत शिरतो, त्याला ‘रुतणे’ म्हणता येईल. यात दुखणे कमी असू शकते. भूक परत येणे, वजन पुन्हा वाढणे किंवा पोर्टच्या जागी उशिरा पू होणे, या त्याच्या खुणा. निदान एंडोस्कोपीने होते आणि बँड काढावा लागतो. पट्टा दीर्घकाळ घट्ट राहिल्यास अन्ननलिका फुगते. रात्री आडवे झाल्यावर खोकला आणि घशाशी आंबट येणे, हा त्याचा इशारा असू शकतो.

सलाईन लावून भागेल का?

पाणी भरून निघेल, अडथळा हटणार नाही. शिवाय आठवडे-दोन आठवडे उलट्या सुरू असतील तर शरीरातील ‘ब1’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेले असते. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. तोल जाणे, दोन-दोन दिसणे, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. पट्टा सैल करण्यासाठी पोर्टमध्ये विशेष सुई लागते. साध्या सुईने पोर्ट गळू लागतो.

जबाबदारी कोणाची?

विमा नियामकाच्या नियमांत शस्त्रक्रियेसाठी अटी स्पष्ट आहेत. वय किमान 18 आणि ‘बीएमआय’ 40, किंवा गंभीर आजार असल्यास 35. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याबाबत मात्र एवढी स्पष्टता नाही. बँड हे एकदा बसवून विसरण्याचे उपकरण नव्हे, त्याला आयुष्यभर देखभाल लागते. म्हणूनच बँडचा प्रकार, भरलेल्या पाण्याचे प्रमाण आणि तातडीचा संपर्क लिहिलेले मराठी कार्ड रुग्णाच्या हाती देणे रुग्णालयांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांच्या नोंदीसाठी देशात 2015 पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. बँड काढावा लागल्यास डॉक्टरांनी त्याची नोंद तिथे करायला हवी.

रुग्णांसाठी नियम सोपा आहे. पाणी टिकत नसेल, पोटात तीव्र दुखत असेल, उलटीत रक्त वा ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. आणि दवाखान्यात पहिले वाक्य ‘मला पित्त झाले आहे’ असे नको, ‘माझ्या पोटात बँड आहे’ असे हवे.